केदारकंठा आणि किब्बरच्या थंडीसाठी डाऊन जॅकेट कसे निवडावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण आणि आपल्या पत्नी नाशिकला राहता, डिसेंबरच्या अखेरीस उत्तराखंडातील केदारकंठ्याच्या ट्रेकला जाणार आहात आणि फेब्रुवारीत हिमबिबट्या पाहण्यासाठी हिमाचल प्रदेशातल्या स्पितीतील किब्बर गावी आठ दिवस मुक्काम करणार आहात. दोन्ही ठिकाणी चालेल असे एकेक डाऊन जॅकेट (पक्ष्यांची मऊ लव भरलेले जॅकेट) घ्यायचा आपला विचार आहे. दुकानात आपण तीन जॅकेटे बाजूला काढून ठेवली आहेत. पहिल्याच्या चिठ्ठीवर ६५० फिल पॉवर (डाऊन किती फुलते याचे माप) आणि आत १८० ग्रॅम डाऊन असे लिहिले आहे. दुसरे ८०० फिल पॉवरचे, ९० ग्रॅम डाऊनचे, हाताला अगदी हलके लागणारे आणि तिघांत सर्वांत महाग आहे. तिसरे कृत्रिम तंतूंचे असून त्यावर ‘उणे १५ अंश’ असा ठळक आकडा छापलेला आहे. यांतील कोणते घ्यावे, असे आपण विचारता.

माझे उत्तर असे की पहिले घ्यावे. केदारकंठ्यासाठी ते पुरेसे आहे. किब्बरसाठी मात्र ते एकटे पुरणार नाही, आणि त्याचे कारण केवळ किब्बरचे तापमान हे नाही. गेली २२ वर्षे मी हिवाळ्यात लोकांना हिमालयात घेऊन जाते आहे आणि जॅकेटाच्या निवडीत होणारी चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते, असे मी पाहिले आहे. लोक ‘तिथे किती थंडी असते’ एवढेच विचारतात. ‘त्या थंडीत मी किती वेळ स्थिर उभा राहणार आहे’ हे विचारत नाहीत. बसल्या जागी माणसाचे शरीर साधारण १०० वॅट उष्णता देते, आणि पाठीवर सॅक घेऊन चढ चढताना तेच शरीर त्याच्या चार-पाच पट उष्णता देते. त्यामुळे उणे ५ अंशांत चढणाऱ्याला एक लोकरी बनियन आणि वर वारा अडवणारे पातळ कवच पुरते, तर त्याच उणे ५ अंशांत दुर्बिणीपाशी तीन तास उभे राहणाऱ्याला जाड जॅकेटही अपुरे पडते. डाऊन जॅकेट हे थांबण्यासाठीचे वस्त्र आहे, ही गोष्ट आधी पक्की धरली की पुढचे सगळे हिशेब सोपे होतात.

आता फिल पॉवर या शब्दाकडे वळू, कारण आपला गोंधळ तिथेच झालेला दिसतो. डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा गूज या हंसासारख्या पक्ष्याच्या छातीवर, वरच्या पिसांच्या खाली असणारी मऊ लव. तिला पिसासारखा दांडा नसतो. मधल्या एका बारीक ठिपक्यातून चहूबाजूंनी तंतू फुटलेले असतात, म्हणून ती सावरीच्या कापसासारखी फुलते आणि आपल्या फुगवट्यात हवा धरून ठेवते. ऊब देते ती ही अडकलेली हवा. आपल्याकडे दबून चपटी झालेली गादी पिंजाऱ्याकडून पिंजून घेत असत, त्यामागेही हेच कारण होते: कापूस तोच आणि तेवढाच, पण फुलला की त्यात हवा मावते आणि गादी पुन्हा उबदार होते. फिल पॉवर हे या फुलण्याचे माप आहे. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाऊन एका नळकांड्यात घालतात, त्यावर ठरावीक वजनाची चकती ठेवतात आणि ते किती घन इंच जागा व्यापते हे मोजतात. ६५० फिल पॉवरचे एक औंस डाऊन साधारण साडेदहा लिटर जागा व्यापते, तर ८०० चे सुमारे तेरा लिटर.

यावरून लक्षात येईल की फिल पॉवर हा डाऊनच्या प्रतीचा आकडा आहे, जॅकेटाच्या उबेचा नव्हे. ऊब ठरवायची तर आत किती ग्रॅम डाऊन आहे हेही पाहावे लागते. आपल्या पहिल्या जॅकेटात १८० ग्रॅम म्हणजे सुमारे सव्वासहा औंस डाऊन आहे. ६५० ने गुणले तर ते मोकळे फुलून जवळपास ६८ लिटर होईल. दुसऱ्यात ९० ग्रॅम आहे आणि त्याची प्रत उत्तम असली तरी ते जेमतेम ४२ लिटर भरेल. म्हणजे महाग जॅकेट हे कमी उबेचे आहे. ते वाईट आहे असे मात्र मुळीच नाही. वजन वाचवणाऱ्या गिर्यारोहकासाठी, किंवा शरद ऋतूतल्या ट्रेकमध्ये संध्याकाळी तंबूबाहेर बसण्यासाठी, ते सुरेख जॅकेट आहे. आपले काम वेगळे आहे, एवढेच. चिठ्ठीवर फिल पॉवर मोठ्या अक्षरांत असते आणि ग्रॅमचा आकडा पुष्कळदा नसतोच. तेव्हा तो विक्रेत्याला विचारावा किंवा उत्पादकाच्या संकेतस्थळावर शोधावा, आणि कुठेही मिळाला नाही तर ते जॅकेट सोडून द्यावे. हा आकडा सहसा पुरुषांच्या मध्यम मापाचा दिलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे. त्याच मॉडेलचे स्त्रियांचे जॅकेट लांबीला आखूड असते आणि त्यात डाऊन अनेकदा कमी असते, म्हणून आपल्या पत्नींच्या जॅकेटाचा आकडा स्वतंत्रपणे पाहावा.

तिसऱ्या जॅकेटावरच्या ‘उणे १५’ या आकड्याविषयी मला जरा कळकळीने सांगायचे आहे. स्लीपिंग बॅगेच्या तापमानासाठी आयएसओ २३५३७ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्यात तापमापक लावलेला पुतळा बॅगेत ठेवून मोजणी करतात आणि म्हणून दोन कंपन्यांच्या बॅगांची तुलना करता येते. ट्रेकिंगच्या जॅकेटांवर छापलेल्या तापमानाला असे सर्वांना बांधणारे प्रमाण नाही. प्रत्येक उत्पादक आपापल्या गृहीतांवर तो आकडा काढतो: आत किती थर घातले आहेत, माणूस चालतो आहे की उभा आहे, वारा आहे की नाही. चांगला उत्पादक ही गृहीते बारीक अक्षरांत देतो. ती वाचली तर ‘उणे १५’ हे पुष्कळदा चालत्या माणसासाठी असल्याचे कळते. शिवाय वाऱ्याचा हिशेब त्यात क्वचितच धरलेला असतो. हवा उणे १० अंश असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २० अंशांसारखी लागते, आणि पहाटे केदारकंठ्याच्या माथ्यावर वारा असतोच.

कृत्रिम तंतूंविषयी माझ्या मनात कोणताही आकस नाही. ओले झाल्यावरही ते बरीच ऊब राखतात, लवकर वाळतात, स्वस्त असतात आणि घरच्या यंत्रात निर्धास्त धुता येतात. सह्याद्रीतल्या हिवाळी मुक्कामासाठी, हरिश्चंद्रगडाच्या गुहेत किंवा कळसूबाईच्या पायथ्याशी रात्र काढण्यासाठी, मी स्वतः कृत्रिम तंतूंचे पातळ जॅकेटच वापरते. ज्यांना प्राण्यांपासून आलेली वस्तू वापरायची नाही त्यांच्यासाठी तर हाच सरळ मार्ग आहे. तेवढ्याच उबेसाठी ते अधिक जड आणि सॅकमध्ये अधिक जागा खाणारे असते, आणि वारंवार दाबल्याने काही हिवाळ्यांत त्याचा फुगवटा कायमचा बसतो, एवढे जाणून घ्यावे. डाऊन घ्यायचे पण पक्ष्यांच्या छळाची शंका मनात असेल तर चिठ्ठीवर ‘रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड’ ही खूण पाहावी. २०१४ पासून लागू असलेल्या या प्रमाणात जिवंत पक्ष्याची पिसे उपटण्यास आणि त्याला बळजबरीने खाऊ घालण्यास मनाई आहे. पक्षी मांसासाठी मारला जातो हे मात्र या प्रमाणाने बदलत नाही, आणि ज्याला ते खटकते त्याला मी डाऊन घेण्याचा आग्रह करणार नाही.

दुकानात जॅकेट हातात घेतल्यावर काय पाहावे ते आता सांगते. एक कप्पा दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच चोळावा. आत मऊ, जवळजवळ हाताला न लागणारे काही असेल आणि मधूनच एखादा बारीक दांडा टोचत असेल तर ते डाऊन आहे; ९० टक्के डाऊन आणि १० टक्के पिसे अशा मिश्रणातही थोडे दांडे असतातच. दांडे पावलोपावली लागत असतील तर पिसांचे प्रमाण जास्त आहे. आत सलग, घसरणारा, चादरीसारखा थर लागत असेल तर ते पॉलिस्टर आहे, मग चिठ्ठीवर ‘डाऊन फील’ किंवा ‘डाऊनसारखे’ असे काहीही लिहिलेले असो. त्यानंतर जॅकेटाची बाही घट्ट मुठीत दाबून सोडावी आणि पाहत राहावे. चांगले डाऊन काही क्षणांत पुन्हा वर येते. जास्त फिल पॉवरचे डाऊन अगदी डोळ्यांदेखत उमलते, पावाच्या ताज्या लादीवर बोट दाबून उचलल्यासारखे. शेवटी जॅकेट उजेडासमोर धरावे. कप्प्याच्या मधोमध उजेड आरपार दिसत असेल तर तिथे डाऊन कमी भरलेले आहे, आणि खांद्यांवर असा रिकामा पट्टा असेल तर ते जॅकेट परत ठेवावे.

शिवणीचे दोन प्रकार असतात. बहुतेक जॅकेटांत बाहेरचे आणि आतले कापड एकाच टाक्याने आरपार शिवलेले असते. त्या प्रत्येक रेषेवर डाऊनची जाडी शून्य होते आणि वारा तिथूनच शिरतो. जाड जॅकेटांत दोन कापडांच्या मधे उभ्या पट्ट्या शिवून पेटीसारखे कप्पे करतात, त्यामुळे थंड रेषा उरत नाहीत. पण वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. आपले पहिले जॅकेट आरपार शिवणीचे असणार, आणि केदारकंठ्यासाठी ते चालते, कारण वर वारा अडवणारे कवच घातले की त्या रेषा बऱ्याच अंशी झाकल्या जातात. हा उपाय शंभर वर्षांचा आहे. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने आकाशात उडणाऱ्या मोठ्या फुग्यांच्या कापडात डाऊन भरून कोट शिवून घेतला होता. ट्वीड आणि लोकरीत वावरणाऱ्या सोबत्यांना तो कोट विचित्र वाटला, पण वरच्या छावणीतल्या वाऱ्यात त्याचा उपयोग सर्वांना पटला. हवा धरणारी लव आत आणि वारा अडवणारे कापड बाहेर, हीच रचना आजही कायम आहे.

टोपी जोडलेलीच असावी. सुटी टोपी ऐन वेळी सॅकच्या तळाशी असते. चेनच्या मागे डाऊन भरलेली पट्टी असावी, कमरेला आणि टोपीला आवळायची दोरी असावी आणि मनगटाशी कापड सैल राहू नये. माप निवडताना आत फ्लीस (लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचा उबदार थर) घालूनच जॅकेट घालून पाहावे आणि दोन्ही हात वर करावेत: कंबर उघडी पडत असेल तर जॅकेट आखूड आहे, काखेत कापड ताणले जात असेल तर ते तंग आहे आणि ताणलेल्या जागी डाऊन चेपून ऊब जाते. वरून घालायच्या कवचाचीही हीच परीक्षा घ्यावी. मोठ्या हौसेने घेतलेले जाड जॅकेट तंग कवचाखाली चेपले गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

आता केदारकंठ्याचा विचार करू. पायथ्याच्या सांक्री गावाहून निघाल्यावर दिवसाची चाल चढाची आहे, आणि ऊन असेल तर आपल्याला फ्लीसही काढावासा वाटेल. रात्री छावणीवर तापमान उणे ८ ते उणे १० अंशांपर्यंत सहज उतरते, आणि माथ्यासाठी पहाटे दोन-तीनला अंधारातच निघावे लागते. माथा सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या गटात पुण्याचा एक तरुण होता. त्याचे जॅकेट उत्तम होते, आणि नवे असल्यामुळे त्याने ते पहिल्या दिवशी सांक्रीपासूनच अंगात घातले. दोनदा सांगूनही त्याने ते काढले नाही. जुडा का तालाबच्या छावणीवर पोहोचल्यावर त्याने पाठीवरची सॅक उतरवली, तेव्हा पाठीचे कप्पे घामाने भिजून सपाट झाले होते. मी बोटांनी चाचपून पाहिले, तर एकेका कप्प्यात ओल्या डाऊनचा बोराएवढा गोळा एका कोपऱ्यात जाऊन बसला होता आणि उरलेल्या कप्प्यात नुसती दोन कापडे एकमेकांना चिकटली होती. सूर्य मावळल्यावर ते जॅकेट वाळायची शक्यताच नव्हती. ती रात्र त्याने माझे जास्तीचे फ्लीस आणि गरम पाण्याची बाटली घेऊन काढली, आणि माथ्याला तो आला नाही. त्याच्या जॅकेटात काहीही दोष नव्हता.

म्हणून चालताना जॅकेट सॅकमध्ये, पण सॅकच्या अगदी वरच्या भागात असावे. थांबा घेतला की घाम निवण्याआधी, पहिल्या मिनिटातच ते अंगावर यावे. आधी थंडी वाजू द्यायची आणि मग जॅकेट शोधायचे, हा क्रम उलटा आहे. जलरोधक प्रक्रिया केलेले डाऊनही बाजारात मिळते आणि ते दमट हवेत थोडा अधिक वेळ तग धरते, पण घामाने भिजणाऱ्या पाठीला तो उपाय नव्हे. डिसेंबरअखेर सांक्रीच्या आसपास पडणारा बर्फ कधी कधी ओलसर असतो, तेव्हा डाऊनवर कवच हवेच. पावसाळ्यात सह्याद्रीत वापरता ते चांगले रेनजॅकेट त्यासाठी चालेल, फक्त ते डाऊनवर सैल बसायला हवे.

किब्बरचे गणित निराळे आहे. गाव सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे, फेब्रुवारीत रात्री तापमान उणे २० अंशांच्या जवळ जाते आणि दिवसाही सावलीत ते शून्याच्या बरेच खाली राहते. तिथे आपण चालणार थोडे आणि उभे राहणार फार. वाटाड्याला समोरच्या कड्यावर हिमबिबट्या दिसला तर तो उठेपर्यंत, चालेपर्यंत, कधी नुसता कूस बदलेपर्यंत तासन्‌तास स्पॉटिंग स्कोपपाशी, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीपाशी, थांबावे लागते. या कामासाठी पेटी-शिवणीचे, मांडीपर्यंत येणारे, ७०० च्या आसपास फिल पॉवरचे आणि २५० ते ३०० ग्रॅम डाऊनचे जॅकेट लागते. आठ दिवसांसाठी ते विकत घ्यावे असे मी सांगणार नाही, कारण नाशिकला, अगदी निफाडला पारा तळाला गेला त्या दिवशीही, आपण ते घालू शकणार नाही. पुण्या-मुंबईत गिर्यारोहणाचे साहित्य भाड्याने मिळते. तिथून मोठ्या मापाचे जाड जॅकेट आणावे आणि आपले पहिले जॅकेट त्याच्या आत घालावे. दोन डाऊन जॅकेटे एकावर एक घालणे हा अगदी चांगला उपाय आहे, फक्त वरचे आतल्याला चेपणार नाही इतके सैल हवे. भाड्याच्या जॅकेटालाही वर सांगितलेली चिमटीची, मुठीची आणि उजेडाची परीक्षा लावावी, कारण अनेक हंगाम वापरलेल्या जॅकेटाचे डाऊन तेलकट होऊन बसलेले असते. पायांत साधी थर्मल आणि ट्रेकपँट घालून वर कितीही जाड जॅकेट घेतले तरी तासाभरात थंडी मांड्यांतून चढते, तेव्हा अस्तर भरलेली पँट आणि सैल बसणारे जाड बूट यांचीही सोय करावी.

स्पितीची हिवाळी हवा कोरडी आहे, त्यामुळे डाऊनला ती मानवते. तिथला खरा धोका आगीचा आहे. होमस्टेच्या खोलीत मधोमध लोखंडी शेगडी पेटलेली असते आणि सगळे तिच्याभोवती बसतात. जॅकेटाचे नायलॉन पातळ असते. एक ठिणगी उडाली किंवा बाही शेगडीच्या पाइपाला लागली की डोळ्यांसमोर भोक पडते आणि प्रत्येक हालचालीसोबत तिथून लव उडू लागते. खोलीत शिरताच जॅकेट काढून खुंटीला लावावे. तरीही भोक पडलेच तर सुई-दोरा घेऊ नये, सुईने आणखी भोके होतात. नायलॉन दुरुस्तीची चिकटपट्टी मिळते, तिचा गोल तुकडा कापून लावावा. शिवणीतून एखादे पीस डोके वर काढू लागले तर तेही उपटू नये, कारण त्याच्यामागून दुसरे येते. कापडाच्या आतल्या बाजूने चिमटीत धरून ते मागे ओढून घ्यावे.

दोन प्रवासांच्या मधे जॅकेट धुण्याची गरज नाही. केदारकंठ्याहून आल्यावर दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टांगावे आणि कपाटात मोकळे अडकवून ठेवावे. सोबत मिळालेली छोटी पिशवी प्रवासापुरतीच आहे, तिच्यात महिनोन्‌महिने कोंबून ठेवले तर डाऊनची फुलण्याची ताकद कमी होते. मळलेल्या गळपट्टीवर आणि मनगटांवर ओल्या फडक्याने पुसले तरी पुरे. किब्बरहून परतल्यावर मात्र एकदा धुवावे, कारण घाम आणि अंगाचे तेल आत मुरलेले असते. त्यासाठी डाऊनचा खास द्रव साबण घ्यावा. कपड्याची पावडर लवेवरचे नैसर्गिक तेल काढून टाकते, म्हणून ती वापरू नये, आणि ड्रायक्लीनिंगलाही देऊ नये. मोठ्या टबात कोमट पाण्यात बुडवून हलक्या हाताने दाबावे आणि उचलताना दोन्ही हात खालून घालावेत. खांद्याला धरून उचलले तर ओल्या डाऊनच्या भाराने आतल्या शिवणी फाटतात. ओले जॅकेट कोंबडीच्या खुराड्यासारखे वास मारते आणि आत गोळे झालेले पाहून घाबरायला होते, पण ते नेहमीचेच आहे. ड्रायर असेल तर मंद उष्णतेवर दोन-तीन टेनिसचे चेंडू सोबत टाकून दोन-तीन तास फिरवावे. नसेल तर मार्चअखेरची नाशिकची कोरडी हवा उत्तम आहे: सावलीत आडवे पसरून दर काही तासांनी गोळे बोटांनी मोकळे करावेत, आणि बाहेरून कोरडे लागले तरी तीन-चार दिवस वाळू द्यावे. आत ओल राहिली तर पावसाळ्यात बुरशी धरते. जूनपूर्वी ते सुती पिशवीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवावे आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा बाहेर काढून झटकावे.